आलुशचं पाऊल

"हा टॉवर तिसऱ्या जत्रेपर्यंत उभा राहिला ना, तर मी बाईचा झगा घालून भर गल्लीत नाचेन," लॉर्न बोलून गेला, आणि नेल्सीबाईंनी खुर्चीतून हात पुढे केला.

"दे टाळी."

"अहो बाई, बोलायची एक पद्धत असते..."

"दे टाळी म्हणते ना गोऱ्या! आता शेपूट घालायची नाही. झगा साधा नाही चालायचा, भरतकामाचा हवा, तिपदरी. डोक्यावर ट्रे, ट्रेवर बाटली, जत्रेत इथल्या बायका नाचतात तशी. आणि माणसं राहायला आली की मगच उभा राहिला म्हणायचं, म्हणजे तुझी रडारड नको."

"आणि नाही आली माणसं तर?"

"तर मी आमच्या ह्यांची पँट चढवून, तोंडात सिगार धरून, चर्चच्या दारात तुला सलाम ठोकीन."

गास्पार शिंपी हसता हसता खुर्चीतून घसरला. "झगा मी शिवतो, फुकट. पँट पण मीच आवळून देतो. तुम्ही कोणीही हरा, हसायला मी आहेच."

टाळी पडली. मेक्सिकोतल्या ह्या मेरिदात ऊन उतरलं की घरं भट्टीसारखी तापलेली असतात, म्हणून गल्लीगल्लीत खुर्च्या फुटपाथवर येतात आणि वारं सुटेपर्यंत लोक एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. ह्या गल्लीत पूर्वी खुर्च्यांची रांग कोपऱ्यापर्यंत जायची. आता तीनच उरल्या होत्या, पण तोंडं तिघांचीही दहा माणसांना पुरतील अशी.

लॉर्न हास्केट मूळचा कॅनडाचा. तिकडे बर्फ उपसायच्या गाड्या दुरुस्त करायचा. एका हिवाळ्यात सुट्टीला म्हणून मेरिदात आला, परत जाऊन गाड्या, घर, बर्फ सगळं विकलं आणि ह्या गल्लीत पडकं घर घेऊन राहिला. आता पन्नाशी ओलांडली होती. लोकांचे छताचे पंखे दुरुस्त करायचा आणि बदल्यात रविवारी खड्ड्यात भाजलेलं डुक्कर खायचा. स्पॅनिश फाडफाड बोलायचा, त्यातल्या शिव्या तर गल्लीतल्या पोरांना त्यानेच शिकवल्या असं नेल्सीबाई सगळ्यांना सांगायच्या. इतक्या वर्षांत त्याने ह्या शहरात 'लवकरच येत आहे' असे इतके बोर्ड उन्हात पांढरे पडताना बघितले होते, की त्या बळावरच तो पैजेवर उतरला. शिवाय त्याला पैज हवीच होती. गल्ली रिकामी होत चालल्यापासून दिवस फार चांगले चालले नव्हते, हसायला काहीतरी पाहिजे होतं.

टॉवरची जागा लॉर्नच्या मागच्या भिंतीला लागून, कोपऱ्यावरून गल्लीत उघडणारी. तिथे पूर्वी आंबट संत्र्यांची वाडी होती. ती एका सकाळी सपाट झाली आणि पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणावर चित्र: सतरा मजले, गच्चीवर पोहायचा तलाव, तलावाकाठी गोरी बाई.

"ही तुझी बहीण का रे?" नेल्सीबाईंनी विचारलं होतं.

"माझी बहीण एवढी हसत नाही."

गास्पार मात्र त्या चित्राकडे बघून हसला नव्हता. तो भाड्याच्या घरात होता. त्याच्या बापानेही तिथेच मशीन चालवलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. बायको गेल्यापासून मागे नुसता तोच. गल्लीतला प्रत्येक नवरदेव त्याने शिवलेला सदरा घालून बोहल्यावर चढलेला. घराची मालकीण दुसऱ्या शहरात. तिने फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, "हे बघ गास्पार, टॉवर झाला तर मी घर विकणार. मला पण म्हातारपण आहे. नाही झाला तर राहा आहेस तसा, मला काही ते घर डोक्यावर घेऊन फिरायचं नाही."

पैज झग्याची होती, पण त्याच्याआडून गास्पारचं घर पणाला लागलं होतं. तिघांनाही ते माहीत होतं.

पहिला मजला उठला. दुसरा उठला.

"मास्तरा," एका दुपारी तो गास्पारच्या दुकानात शिरला, "हे कामगार कुठले रे?"

"खेड्यांतले. इथले मूळचे माया लोक, माझ्यासारखेच. का?"

"ते आलुशला मानतात?"

गास्पारने सुई तोंडातून काढली. आलुश म्हणजे जमिनीचा राखणदार. गुडघ्याएवढा, म्हाताऱ्या तोंडाचा, पोरासारखा खोडकर. विचारल्याशिवाय जमीन खोदली की शिट्ट्या मारतो, खडे फेकतो, हत्यारं लपवतो. ह्या भागात शिकलेला इंजिनिअर पण तोंडाने नाही म्हणतो आणि पाया खणताना कोपऱ्यात गुपचूप मक्याच्या पेजेचा वाडगा ठेवतो.

"मानतात म्हणजे काय? मी पण मानतो," गास्पार म्हणाला. मग त्याच्या डोळ्यात चमक आली. "कंपनीने पेज ठेवली नव्हती. मी बघितलंय."

"म्हणजे आलुश चिडलेला असणार."

"चिडायलाच पाहिजे!"

दोन पिकल्या केसांची माणसं त्या दुपारी शाळेतल्या पोरांसारखी खिदळत होती.

जेवण झालं की कामगार दोन खांबांमध्ये आपापले जाळीचे झोपाळे बांधून घोरायचे. तेवढ्या वेळात आलुश कामाला लागला. आधी भिंतीआडून मातीची शिट्टी वाजली. मग पत्र्यावर खडे पडले. मग लॉर्नच्या मासे पकडायच्या गळाला लागून एक थापी गेली, दुसऱ्या दिवशी एकाचा डावा बूट गेला. तो बूट ओढताना लॉर्न शिडीवरून पडला, आणि हसू दाबायला गास्पारने स्वतःचा टेप तोंडात कोंबला.

पण खरी कमाल पावलांची. नेल्सीबाईंच्या नातीची एक मोडकी बाहुली होती, तिचा पाय गास्पारने मागून आणला. बोटं जरा टोकदार कोरली. लॉर्नने तो पाय लांब काठीला बांधला, आणि ज्या दिवशी जमिनीलगतचा ओला काँक्रीटचा चौथरा वाळायला सोडून माणसं झोपली, त्या दिवशी भिंतीवरून काठी सोडून त्यावर ठसे उमटवले. एक, दोन, पाच, सात. चौथऱ्याच्या मधूनच सुरू आणि मधेच संपलेले. आला कुठून आणि गेला कुठे, पत्ता नाही.

मुकादम सिरिलो उठला, डोळे चोळत आला आणि पावलं बघून जागच्या जागी खाली बसला. संध्याकाळी सगळे कामगार आपापले झोपाळे गुंडाळून बसस्टॉपवर उभे होते.

"काय झालं हो?" लॉर्नने तिथे येऊन साळसूदपणे विचारलं.

"तुम्ही परदेशी, तुम्हाला नाही कळायचं," सिरिलो म्हणाला. "तुम्ही पण भिंतीजवळ झोपू नका."

काम थांबलं. नवी माणसं आणली, ती पावलं बघून गेली. क्रेन वाकडी मान करून उभी राहिली. पत्र्यावरची गोरी बाई उन्हात पिवळी पडायला लागली. फुटपाथवर रोज संध्याकाळी नुसती धमाल.

"बाई, पँटीचं माप द्या," गास्पार म्हणायचा.

"माप कशाला? आमचे हे माझ्या दुप्पट होते. दोरीने बांधीन."

"सिगार मी आणतो," लॉर्न म्हणायचा. "क्युबाचा. होऊ द्या खर्च."

त्या दिवसांत गास्पारने दुकानाचं दार रंगवलं. निळं. भाड्याच्या घराचं दार कोणी स्वतःच्या खर्चाने रंगवत नाही. लॉर्नने पंखा तपासायच्या निमित्ताने आत डोकावलं तर आत कापड बेतायचं नवं टेबलही आलं होतं.

"आता दहा वर्षं हलत नाही बघ इथून," गास्पार म्हणाला आणि टेबलावर थाप मारली.

लॉर्न खूश झाला. त्याला वाटलं, आयुष्यात एक तरी गंमत कामी आली.

मग रेनाता आली. कंपनीची विक्रीवाली पोरगी, उत्तरेकडच्या मोठ्या शहरातली, पांढरे कपडे, चिखलातही पांढरेच राहणारे. तिने चौथऱ्यावर वाकून पावलांचे फोटो काढले. नाक मुरडलं नाही की हसली नाही. दोन दिवसांनी ती एका खेड्यातून म्हाताऱ्या देवऋषीला गाडीत घालून घेऊन आली.

लॉर्न आणि गास्पार भिंतीवरून बघत होते. देवऋषीने पानांचा मांडव केला, पेज ठेवली, कोंबड्या कापल्या, चारी दिशांना धूप दाखवला. कामगार टोप्या काढून उभे. गास्पारनेही नकळत टोपी काढली.

"तू कशाला काढतोस? पावलं आपली आहेत!" लॉर्न कुजबुजला.

"पावलं आपली. जमीन त्याचीच आहे ना?"

पूजा झाली. देवऋषी म्हणाला, राखणदार राजी आहे, फक्त त्याला स्वतःचं घर पाहिजे. रेनाता म्हणाली, एवढंच ना? सोमवारी कामगार परत आले, सोबत भाऊबंदही घेऊन आले. राखणदार राजी म्हटल्यावर भीती कसली! तिसरा मजला, चौथा, सातवा, अकरावा. रंगवलेल्या दारावर दुपारीच सावली पडायला लागली. संध्याकाळचं वारं ज्या बाजूने यायचं त्याच बाजूला भिंत चढत गेली, आणि एका संध्याकाळी नेल्सीबाई खुर्चीत बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायला लागल्या. लॉर्न तिथे आल्यापासून कोणाला फुटपाथवर पुठ्ठा घेऊन बसलेलं त्याने बघितलं नव्हतं.

आणि मग बोर्ड बदलला. गोरी बाई गेली. तिच्या जागी ओल्या काँक्रीटवरची सात चिमुकली पावलं, माणसाएवढी मोठी करून छापलेली. वर नाव: टॉवर आलुश. खाली: 'राखणदाराने निवडलेली जागा.'

गास्पार बोर्डाजवळ जाऊन वाकला.

"बोटं जरा जास्तच टोकदार झाली होती," एवढंच म्हणाला.

तोपर्यंत टॉवरमधली अर्धी घरं विकली गेली नव्हती म्हणतात. पावलांनी सगळी विकली. राजधानीतून माणसं आली, टेक्सासहून आली, आणि लॉर्नच्या गावाशेजारच्या गावातून एक जोडपं आलं. ते लॉर्नशी इंग्रजीत बोलायला लागलं तर लॉर्नने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं आणि पळ काढला. कंपनीने चौथरा कापून काढला, तळमजल्याच्या दालनात काचेमागे बसवला, वर दिवे सोडले, शेजारी दगडाचं छोटं घर बांधलं. त्या आठवड्यात मालकिणीचा फोन आला. गास्पारने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि शिवण पुढे चालू ठेवली.

लॉर्नला मात्र राहवेना. त्याने फडताळातून बाहुलीचा पाय काढला, काठीसकट, आणि भर दुपारी रेनाताच्या ऑफिसात जाऊन टेबलावर आपटला.

"हा घ्या तुमचा आलुश."

रेनाताने पाय उचलून पाहिला. "गोंडस आहे. काय आहे हे?"

"पावलं मी काढली. भिंतीवरून. मी आणि... मी एकट्याने. शिट्ट्या मी मारल्या, बूट मी चोरला. बूट अजून माझ्याकडे आहे, आणून दाखवू? ही सगळी थाप आहे. घेणाऱ्यांना सांगा तसं. नाहीतर मी सांगतो."

दारात सिरिलो मुकादम उभा होता. लॉर्न त्याच्याकडे वळला. "सिरिलो, तूच बघ रे. लावून बघ हा पाय त्या ठशाला."

सिरिलोने पाय हातात घेतला, उलटासुलटा केला आणि कपाळाला लावला.

"म्हणजे तो तुमच्याकडे आला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याला हात नसतात मोठे. जवळ जो असेल त्याच्याकडून करून घेतो. देवऋषी म्हणालेच होते, शेजारचा कोणीतरी असेल."

"अरे बाबा, मला कोणी सांगितलं नव्हतं! मी गंमत म्हणून केलं!"

"गंमत म्हणूनच करतो तो."

रेनाता खुर्चीतून उठली होती. तिचे डोळे गास्पारच्या त्या दुपारच्या डोळ्यांसारखेच चमकत होते. "साहेब, हेच सगळं कॅमेऱ्यासमोर सांगाल? 'कॅनडातून आलेल्या माणसाला राखणदाराने निवडलं.' आणि पाय आम्ही ठेवून घेऊ का? काचेत शोभेल."

लॉर्नने पाय हिसकावून घेतला आणि तसाच उन्हात बाहेर पडला. जन्मभर थापा मारल्या, लोकांनी मिटक्या मारत खाल्ल्या. पहिल्यांदा खरं बोलला, तर त्याचीच जाहिरात व्हायला निघाली.

गास्पारला त्याने हे सांगितलं तेव्हा तो सामान बांधत होता. तो हसला, अगदी पोटातून हसला, आणि मग हातातला टेप गुंडाळत राहिला. गुंडाळून झाला तरी गुंडाळत राहिला.

"चिडलास?" लॉर्नने विचारलं.

"कोणावर? पायाची कल्पना माझीच होती." त्याने टेप खिशात टाकला. "एक सांगू गोऱ्या? आपण खडे फेकले नसते तर कदाचित तो टॉवर तसाच पडून राहिला असता. अर्धा विकलेला. तूच म्हणायचास ना, बोर्ड पांढरे पडतात."

लॉर्न सामानाची दोरी आवळायला वाकला. तेवढ्यात गास्पार म्हणाला, "हात वर कर. छातीचं माप घेऊ दे."

"आत्ता? कशाला?"

"झगा शिवायचाय. बोललो होतो ना, फुकट."

"राहू दे रे आता ते."

"हात वर कर म्हणतो!" तो इतक्या जोरात ओरडला की समोरून नेल्सीबाईंनी खिडकी उघडली. लॉर्नने हात वर केले. गास्पारने छाती घेतली, कंबर घेतली, आणि कंबर घेताना म्हणाला, "डुक्कर कमी खा."

गास्पार शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत गेला. दोन बस बदलून जायचं. काड्यापेट्या ओळीने ठेवल्यासारखी घरं. लॉर्न एकदा त्याला पंखा बसवून द्यायला गेला. झोपाळा बांधायला गास्पारने भिंतीत हूक ठोकला होता, तो पहिल्याच रात्री त्याच्यासकट भिंतीतून निघाला. आता तो जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होता. मशीनवर कापड नव्हतं. तिथल्या कोणालाच त्याचे सदरे नको होते; सगळे कंपन्यांचे गणवेश घालून पहाटे बसमध्ये चढायचे. झगा मात्र तयार होता, कागदात गुंडाळलेला. गळ्याला लाल आणि निळी फुलं, टाका इतका बारीक की लॉर्नला नजर हटवता येईना.

"जत्रेला ये," लॉर्न म्हणाला.

"येतो की. तुझं ते ध्यान बघायला येणारच."

नेल्सीबाईही राहिल्या नाहीत. वारं गेलं, मग नळाचं पाणी वरच्या मजल्यांना जायला लागलं आणि त्यांच्या छतावरची टाकी भरेना. शेवटी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. घर विकताना त्या म्हणाल्या, "चांगला भाव आला," आणि हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. मग लॉर्नच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पैज विसरलीय असं समजू नकोस. मी येईन."

"बाई, बघायला कोण उरलंय?"

"मी उरलेय ना? मी हरले असते तर तू सोडलं असतंस मला?"

तिसऱ्या जत्रेच्या दिवशी, संध्याकाळी, लॉर्न झगा घालून दाराबाहेर आला. झगा अंगावर बेतून बसला होता, खांद्याला तसूभर सुरकुती नाही. पायांत पांढऱ्या चपला, डोक्यावर ट्रे, ट्रेवर बाटली. कोपऱ्यावर टॉवर आलुशच्या काचेच्या दारात दिवे लागलेले, वरच्या मजल्यांवर पडदे, पडद्यांआड माणसं. माणसं राहायला आलेली होती, त्याबद्दल वाद घालायला जागा नव्हती.

नेल्सीबाई मुलीच्या गाडीतून उतरल्या. खुर्ची सोबत आणली होती. ती त्यांनी आपल्या जुन्या दारासमोर मांडली. दाराला आता आकड्यांचं कुलूप होतं. मांडीवर रेडिओ घेऊन त्या बसल्या.

"मास्तर?" लॉर्नने मान न हलवता विचारलं. मान हलवली तर बाटली जाणार.

"दिसत नाही कुठे. बस चुकली असेल."

"थांबू या का जरा?"

"थांबू या," त्या म्हणाल्या. थांबले. कोपऱ्यावरून एक बस गेली. दुसरी गेली. मग नेल्सीबाईंनी रेडिओचा आवाज वाढवला.

लॉर्न नाचला. पाय बरोबर पडत होते. ह्याच गल्लीत शिकलेले पाय होते. ह्या नाचात मधेच कोणीतरी "बोंबा!" म्हणून ओरडतं, गाणं थांबतं, आणि ओरडणारा नाचणाऱ्याची खिल्ली उडवणाऱ्या दोन चावट ओळी जुळवतो. ते काम नेहमी गास्पारचं. कोणी ओरडलं नाही. रेडिओ थांबला नाही. नेल्सीबाईंनी एकदा तोंड उघडलं, मग मिटलं आणि पुठ्ठ्याने वारा घेतला.

टॉवरमधून माणसं बाहेर येऊ लागली. हातांत फोन, फोनचे दिवे. कोणी बाळाला खांद्यावर घेतलं. कोणी टाळ्यांचा ठेका धरला, चुकीचा. रेनाता दारात उभी राहून खूश होऊन बघत होती. सिक्युरिटीचा माणूस नेल्सीबाईंकडे गेला आणि अदबीने म्हणाला, "आजी, फुटपाथवर खुर्ची ठेवता येत नाही." त्या उठल्या, खुर्ची काखेत धरली आणि उभ्या उभ्या बघत राहिल्या.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. एक तरुण पुढे आला, चांगल्या स्वभावाचा, हसरा, आणि लॉर्नच्या हातात नोट कोंबायला लागला.

"नको, नको," लॉर्न धापा टाकत म्हणाला. "मी नाचणारा नाही. मी इथेच राहतो."

"अरे वा!" तो तरुण म्हणाला. "कितव्या मजल्यावर?"

रेडिओवर दुसरं गाणं लागलं. लॉर्नने बाटली सरळ केली, नोट तशीच मुठीत राहिली, आणि तो पुन्हा नाचायला लागला.